खरी मसल कार चेन्नईत बनते

मार्चमध्ये माझ्या कारखान्यातल्या व्हीएमसीचा, म्हणजे धातू कापून पार्ट घडवणाऱ्या मशीनचा, शेवटचा हप्ता फिटला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक हप्ता फिटला की दुसरं मशीन बुक करायचं असतं, तशी इथली रीतच आहे. या वेळी मी ती मोडायची ठरवली. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे बुश, ब्रॅकेट आणि हाउसिंग बनवून दिले, आता एक गाडी अशी घ्यायची की ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. बायकोला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "घ्या की. पण उद्या मशीन बंद पडलं तर माझ्या एफडीकडे बघायचं नाही."

डोक्यात दोन गाड्या होत्या. पहिली बीएमडब्ल्यूची एम३४०आय, नवी कोरी. दुसरी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७ ची, लाल, गंगापूर रोडकडच्या एका गृहस्थांची. त्यांचा मुलगा परदेशात स्थायिक झाला आणि गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून राहायला लागली. मागितलेली किंमत नव्या एम३४०आयच्या ऑन-रोड किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्त. मित्रमंडळींनी लगेच वाटणी करून टाकली: एक आलिशान, दुसरी पैलवान. एक महागडी जर्मन, दुसरी स्वस्तातली अमेरिकन दांडगी. मीही सुरुवातीला असाच विचार करत होतो. पण जसजसा खोलात गेलो तसतसं लक्षात आलं की या दोघींच्या कपाळावरची लेबलं आपल्या देशात येताना अदलाबदल झालेली आहेत.

पैलवान म्हणजे मसल कार: साध्या, परवडणाऱ्या गाडीत तगडं इंजिन. तिची जन्मकथा अंबडवाल्याला लगेच पटेल अशी आहे. १९६४ साल. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅक या त्यांच्याच ब्रँडच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी टेम्पेस्ट नावाची साधी घरगुती गाडी घेतली आणि मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन तिच्यात घातलं. नियम तर आडवा येणार. मग त्यांनी काय केलं, तर ही नवी गाडी म्हणून दाखवलीच नाही. जुन्याच गाडीवर साधारण ३०० डॉलर जादा भरून घ्यायचा एक पर्याय म्हणून कागदावर टाकली आणि नाव दिलं जीटीओ. नियमात गाड्यांबद्दल लिहिलं होतं, पर्यायांबद्दल नव्हतं. एक्साइजच्या जमान्यात धंदा केलेल्या कुठल्याही कारखानदाराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. फाल्कन या स्वस्त गाडीचा सांगाडा, वर देखणं अंग, किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्या दिवशीच २२,००० ऑर्डरी. काटेकोरपणे बघितलं तर अमेरिकन लोक मस्टँगला मसल कारपेक्षा पोनी कार म्हणतात, पण मूळ हिशेब तोच: साधी गाडी, तगडं इंजिन आणि कारखान्यात नोकरी करणाऱ्या पोरालाही परवडेल अशी किंमत. तो स्वस्तपणा काढून घेतला तर मस्टँगमध्ये नुसतं लांब बोनेट उरतं.

आणि नेमका तोच आपल्याकडे येताना बंदरावर उतरवून घेतला गेला. मस्टँग भारतात अधिकृतपणे आली जुलै २०१६ मध्ये. त्या सुमारास अमेरिकेत जीटी साधारण ३३,००० डॉलरला मिळत होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने २२ लाख. दिल्लीत तिची एक्स-शोरूम किंमत होती ६५ लाख. मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यातून पूर्ण बांधलेली गाडी यायची, त्यावर आयात शुल्क, त्यावर बाकीचे कर. वर अमेरिकेत ४३५ अश्वशक्ती देणारं पाच लिटरचं इंजिन आपल्याकडे ४०० च्या आसपास आणून दिलं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सर्व्हिस सुरू ठेवली आहे, पण नवी मस्टँग काही शोरूममध्ये दिसत नाही. मग मला सांगा, तिप्पट किंमत मोजून आणलेली, मोजक्याच लोकांकडे असलेली, दोन दारांची, फक्त रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर पडणारी गाडी, हिला मसल कार म्हणायचं की चैनीची वस्तू?

आता एम३४०आय बघा. बीएमडब्ल्यूची नेहमीची थ्री सिरीज, चार दारं, डिकी, मागे तीन माणसांची जागा. त्या घरगुती गाडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलंय. पावणेचारशेच्या आसपास अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, आणि कंपनी सांगते की शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. बीएमडब्ल्यूच्या खऱ्याखुऱ्या एम गाड्या बाहेरून बांधूनच येतात. त्यातली सगळ्यात लहान एम२ सुद्धा २०२३ मध्ये ९८ लाख एक्स-शोरूमला आली. एम३४०आय मात्र मार्च २०२१ पासून चेन्नईत सुट्या भागांतून जुळवली जाते, बांधलेल्या गाडीवरचं शुल्क टळतं, म्हणून ती तेव्हा ६२.९० लाखांत देता आली. नंतर दरवर्षी भाव थोडे थोडे चढत गेले, आता सत्तर-पंचाहत्तरच्या घरात आहे. मधल्या आकाराची गाडी, मोठ्या गाडीचा दम, नियमांतून वाट काढून खाली ओढलेली किंमत. डिलोरियनचीच युक्ती आहे ही! अमेरिकेत आजही एम३४०आय मस्टँग जीटीपेक्षा बरीच महाग आहे. आपल्याकडे मात्र दोघी ज्या किमतीला पहिल्यांदा आल्या ते आकडे शेजारी शेजारी बसतात.

हे माझं म्हणणं मी मेव्हण्याला फोनवर ऐकवलं. तो पिंपळगावला द्राक्षबागायतदार, निर्यातीचा माल करतो, बोलायला चोख. तो म्हणाला, "दाजी, तुमचं गणित बरोबर असेल. पण बीएमडब्ल्यू आमच्याकडे पॅकहाउसच्या बाहेर पण उभ्या असतात. मस्टँग घेतली तर लोक बाग सोडून बघायला येतील." मुद्दा खोटा नाही. मस्टँगकडे लोक बघतात. त्या गृहस्थांनी मला गाडी चालवायला दिली त्या दिवशी कॉलेज रोडच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने स्वतःची रिक्षा बंद करून इंजिनाचा आवाज ऐकला. एम३४०आय टेस्ट ड्राइव्हला आली तेव्हा आमच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, डिझेल का?"

चालवून बघितलं तेव्हाचं सांगतो. मस्टँग आम्ही भरवीरहून समृद्धी महामार्गावर घेतली आणि इगतपुरीकडे निघालो. तिथला बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे. मालक शेजारी बसलेले. बोगद्यात शिरताना त्यांनी काही न बोलता स्वतःच्या बाजूची काच खाली केली आणि मला खूण केली. मी गिअर खाली घेतला. वेग मर्यादेतच होता, वाढली ती इंजिनाची चक्रं. मागून जो आवाज आला तो दोन्ही भिंतींवर आपटून पुन्हा आमच्यावर आला, आणि अंगावरचे केस उभे राहिले. मालक साठीचे आहेत, लहान पोरासारखे हसत होते. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली होती.

तो आवाज तसा का येतो, हे नंतर अण्णांना दाखवायला म्हणून गाडी घरी आणली तेव्हा नीट बोलणं झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या मायको कंपनीतून रिटायर झाले. डिझेलच्या नोझलचं काम, सुई आणि बॉडीमधलं अंतर दोन-चार मायक्रॉनात सांभाळायचं. असल्या माणसासमोर ती व्ही-८, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडरांचं इंजिन असलेली मस्टँग, नुसती चालू करून उभी केली. त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला, मान तिरकी केली, आणि म्हणाले, "अरे, ही मिसिंग करतेय का?" मालकांचा चेहरा पडला.

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणं, तसलं काही नव्हतं. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे चार थ्रो, म्हणजे पिस्टनचे दांडे जिथे जोडतात ते वाकडे भाग, एकमेकांशी ९० अंशात असतात. त्यामुळे आठही सिलिंडर मिळून ठोके अगदी समान अंतराने पडतात, पण एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचा हिशेब केला तर ते समान राहत नाही. कधी एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, कधी मध्ये जादा विश्रांती. एका बाजूचा धूर एका पाइपमध्ये जातो, म्हणून सायलेन्सरमधून भक्-भक्, भक्, भक्-भक् असं ते लंगडं पाऊल ऐकू येतं. अमेरिकन व्ही-८ ची सगळी कीर्ती या लंगडण्यावर उभी आहे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मुद्दाम ठेवलंय?" मी म्हटलं, मुद्दाम असंच नाही, पण काढावंसं कुणाला वाटलं नाही.

एम३४०आयच्या बोनेटवर त्यांनी तोच हात ठेवला. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत पिस्टनचे वर-खाली होणारे झटके एकमेकांना मारून टाकतात, वेगळे बॅलन्स शाफ्ट लागत नाहीत. ते बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, "चालू आहे ना?" माझ्या माहितीत त्यांनी कुठल्याही मशीनला दिलेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. पण एक गोष्ट मला टोचते ती सांगूनच टाकतो: ही गाडी स्पोर्टला टाकली की केबिनमध्ये स्पीकरमधून इंजिनाचा वाढवलेला आवाज सोडते. इतकं चांगलं इंजिन बनवायचं आणि वर त्याला लाउडस्पीकर लावायचा! सेटिंगमध्ये जाऊन तो मी बंद करणार आहे.

रस्त्यावरचा फरक मात्र आवाजापेक्षा मोठा निघाला. मस्टँगचा पूर्ण टॉर्क मिळतो इंजिनाच्या मिनिटाला ४,२५० चक्रांच्या आसपास. तिथपर्यंत जायला रस्ता लागतो. एम३४०आयचा टॉर्क १,९०० लाच हजर आणि ५,००० पर्यंत मुक्कामाला. आता नाशिकमध्ये कुठे ४,००० चक्रं होणार? द्वारकेला? मायको सर्कलला? सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर खणून ठेवलंय, त्र्यंबक रोडला मोकळा पट्टा मिळाला तर पुढे भाविकांची बस. अशा तुकड्यातुकड्यांच्या रस्त्यावर जी ताकद पायाखाली लगेच येते तीच कामाची. पाऊस पडलेल्या कसारा घाटात तर चारही चाकांना जोर देणारी गाडी मला हवीच. मस्टँगचा सगळा जोर मागच्या दोन चाकांवर, आणि ती आठवण ती अधूनमधून करून देते.

मागच्या सीटचा विषय आईने निकालात काढला. मस्टँगचं दार उघडलं, पुढची सीट पुढे ढकलली, आईने एक पाय आत टाकला आणि तिथेच अडकली. पदर सीटबेल्टच्या हुकात, एक हात छताला, दुसरा माझ्या खांद्यावर. "अरे, मागचं दार कुठंय?" मागचं दार नाहीच म्हटल्यावर ती जी बाहेर आली ती परत गाडीकडे फिरकली नाही. बायकोने मात्र शांतपणे मोबाइल काढून सुरक्षिततेचे निकाल बघितले. युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये मस्टँगला जानेवारी २०१७ मध्ये पाचपैकी दोन तारे मिळाले होते, सुधारणा करून त्याच वर्षी तीन झाले. थ्री सिरीजला २०१९ मध्ये पाच. मी काहीतरी बोलायला गेलो, तिने नुसता मोबाइल माझ्यापुढे धरला.

गतिरोधकाचा प्रयोग माझा स्वतःचा. कारखान्यातून हाइट गेज आणलं आणि सोसायटीच्या गेटसमोरचा गतिरोधक मोजला. सकाळी फिरायला निघालेले शेजारी थांबून बघत होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. आमचा भरला साडेपंधरा सेंटिमीटर उंच, आणि रुंदी एका ढांगेत पार. वर डांबराची धार. रस्त्याच्या मधोमध पुरलेली पाटा-वरवंट्याची जोडी म्हणा! दोन्ही गाड्या तिरक्या घालूनच निघाल्या, दोन्ही एकेकदा घासल्या. इथे कुणालाच गुण नाहीत. दोष गाड्यांचाही नाही.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे एम३४०आयला नऊ-दहा लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. आमचे सीए म्हणाले, जीएसटीचं क्रेडिट असल्या गाडीवर मिळत नाही, घसारा १५ टक्क्यांनी मिळेल, बघा तुम्हाला परवडतं का. मी नावावर घेतोय. कंपनीच्या नावावर घेतली की कामगारांना बोनसच्या वेळी तीच गाडी दिसते, हे सीएला कळत नाही.

मस्टँगला टॅक्स भरायचा नाही, फक्त नावावर करायची. तिथे लाखो वाचतात, खोटं कशाला बोलू. पण नंतर? पार्ट बाहेरून मागवायचे. विमा कंपनी जुन्या आयात गाडीला किती आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, देईल त्यावर घासाघीस. शहरात मालकांना लिटरला चार-पाच किलोमीटर मिळतात, आणि हे ते अभिमानाने सांगतात. शिवाय आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या निदान ते गृहीत धरून बनवलेल्या असतात, २०१७ च्या गाडीचे रबरी होस आणि सील डोळ्यासमोर आले की मी तरी अस्वस्थ होतो. माझा धंदाच तो आहे. अंबडमध्ये जुनं जपानी मशीन स्वस्तात घेणारे आम्ही सगळेच एकदा तरी पोळलोय: मशीन मिळतं, त्याचं कंट्रोलर कार्ड मिळत नाही.

कुणीतरी विचारणारच, मग स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस का नाही, ५० लाखांत काम झालं असतं. २०२५ मध्ये देशभरासाठी १०० गाड्या आल्या आणि हातोहात संपल्या. आणि मला सहा सिलिंडर हवे होते. विषय संपला.

तर बुकिंग एम३४०आयचं केलंय. पैलवान म्हणून घेतोय, आलिशान म्हणून नाही, हे मित्रांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. त्यांना बोनेटवरचं चिन्ह दिसतं. मला दिसते ती टेम्पेस्टसारखी साधी चार दारांची गाडी, जिच्या पोटात कुणीतरी गरजेपेक्षा मोठं इंजिन घुसवलंय. त्या बोगद्यातल्या आवाजाची चुटपुट मात्र आहे. असेल. रंगावरून घरात अजून वाद चालू आहे. मला गडद निळा हवा, बायको म्हणते शहरभर खणकाम चालू असताना निळ्या गाडीवर रोज धुळीचा थर बसेल आणि तो पुसायला तुम्ही काही उठणार नाही. अण्णांनी तटस्थ राहायचं जाहीर केलंय.

मेव्हण्याने त्या लाल मस्टँगच्या मालकांचा नंबर माझ्याकडून घेतला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बघून येतो म्हणाला. त्याला सांगितलंय की टायरवरचे चार आकडे आधी वाच, ३५१७ असं दिसलं तर तो टायर २०१७ च्या ३५ व्या आठवड्यातला, नक्षी कितीही चांगली दिसली तरी चारही बदलायचा खर्च किमतीतून कापून घे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नकोस. आणि थंड इंजिन सुरू करूनच बघ, आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर चहा पिऊन परत ये. "दाजी, तुम्हाला एवढी आवडलीय तर तुम्हीच का नाही घेत?" असं तो म्हणाला. मी म्हटलं, तू घे, समृद्धीवर इगतपुरीपर्यंत मी चालवीन. हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.